पेरॉक्साइडचा इलेक्ट्रोड कोरडा ठेवताना

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर भिस्त ठेवून विजेने हायड्रोजन पेरॉक्साइड बनवायला निघालात तर पहिल्या हिशोबातच अडकायला होतं. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध ऑक्सिजन सोडून सोडून दमलात तरी लिटरभर पाण्यात जेमतेम १.२ मिलिमोल ऑक्सिजन मावतो. हवा सोडली तर त्याचा पाचवा हिस्सा. पाणी कितीही ढवळा, इलेक्ट्रोडला चिकटून राहणारा संथ थर ५० मायक्रॉनच्या आसपास राहतोच, आणि त्यातून वाट काढत येणाऱ्या ऑक्सिजनवर दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअर करंटही धड निघत नाही. आम्हाला हवे होते १०० मिलिअँपिअर. म्हणून ग्राफाइटची कांडी पाण्यात बुडवून खालून बुडबुडे सोडण्याचा नाद लगेच सोडला. त्याऐवजी एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला हवा असलेला, सच्छिद्र कार्बनचा कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) बनवायला घेतला. हवा मागून भोकांतून येते, पाणी पुढून येतं, आणि जिथे कार्बन, पाणी आणि हवा तिन्ही एकमेकांना भेटतात तिथेच पेरॉक्साइड तयार होतं. ही भेट इलेक्ट्रोडच्या जाडीत नेमकी कुठे होते आणि दिवसभर तिथेच टिकते का, पुढची सगळी खटपट त्यासाठीच होती.

बाजारातलं बहुतेक पेरॉक्साइड अँथ्राक्विनोन नावाचं सेंद्रिय द्रव्य वापरणाऱ्या पद्धतीने बनतं. आपल्याकडे कल्याणला त्याचा जुना कारखाना आहे. ती पद्धत मोठ्या प्रमाणावरच परवडते. तिथे तयार झालेलं ५० टक्क्यांचं द्रावण कॅनमधून वाहून न्यायचं आणि वापराच्या जागी पाणी घालून अर्ध्या-एक टक्क्यावर आणायचं, असा उलटा प्रवास असतो. वीज, हवा आणि पाणी वापरून पातळ पेरॉक्साइड जागेवरच बनवता आलं तर तो प्रवास वाचतो. तेव्हा लक्ष्य पातळ द्रावणाचंच होतं, तीव्र द्रावणाचं नव्हे.

ऑक्सिजनने दोन इलेक्ट्रॉन घेतले की पेरॉक्साइड मिळतं, चार घेतले की पाणी. प्लॅटिनम थेट पाण्यापर्यंत नेतं, साधा कार्बन ब्लॅक बराचसा दोनवर थांबतो. त्यामुळे उत्प्रेरकावर पैसे घालण्याची घाई नव्हती. व्हल्कन एक्ससी-७२ नावाचा, इंधनघटांत सर्रास वापरला जाणारा कार्बन ब्लॅक, आधाराच्या (हवेकडच्या, कोरडा राहायला हवा अशा) थरासाठी अ‍ॅसिटिलीन ब्लॅक, पाणी दूर ठेवायला ६० टक्के टेफ्लॉनचं पाण्यातलं दुधाळ मिश्रण आणि कार्बनचं विणलेलं कापड एवढ्यावर सुरुवात झाली.

घट अ‍ॅक्रिलिकचा. खिडकी, म्हणजे कॅथोडचा उघडा भाग, २ बाय २.५ सेंटिमीटर, म्हणजे ५ चौरस सेंटिमीटर. कॅथोडमागे खाचा पाडलेली ग्राफाइटची पाटी: तीच करंट देते, तिच्याच खाचांतून हवा फिरते. मध्ये नाफिऑन ११७ या प्रोटॉन जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकचा पडदा, पलीकडे अ‍ॅनोड (धन इलेक्ट्रोड) म्हणून इरिडियम ऑक्साइडचा लेप दिलेली टायटॅनियमची जाळी. पडदा नसला तर तयार झालेलं पेरॉक्साइड अ‍ॅनोडवर जाऊन पुन्हा ऑक्सिजन होतं. कॅथोडच्या बाजूला अर्धा मोलर सोडियम सल्फेट, १०० मिली, छोट्या पंपाने फिरतं. अ‍ॅनोडच्या बाजूला अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्ल. दोन्हीकडे सोडियम सल्फेट भरून पाहिलं तर पडद्यातून प्रोटॉनऐवजी सोडियम येऊ लागतो आणि कॅथोडकडचं द्रावण तासाभरात अल्कधर्मी होतं. पीएच ११च्या वर गेला की पेरॉक्साइड आपणहून झपाट्याने मोडतं, आणि दोष मात्र इलेक्ट्रोडच्या माथी जातो.

पहिल्या आवृत्तीचे दोन्ही थर लाटलेले होते. लाटलेले म्हणजे खरोखर लाटलेले. आधारासाठी ६ ग्रॅम अ‍ॅसिटिलीन ब्लॅक आणि ४ ग्रॅम टेफ्लॉन, म्हणजे त्या दुधाळ मिश्रणाचे ६.७ ग्रॅम. पुढच्या, म्हणजे पाण्याकडच्या, उत्प्रेरकाच्या थरासाठी ३ ग्रॅम व्हल्कन आणि १ ग्रॅम टेफ्लॉन, म्हणजे मिश्रण १.७ ग्रॅम. आधी एकटा कार्बन निम्मं इथेनॉल, निम्मं पाणी अशा द्रवात अल्ट्रासॉनिक टबमध्ये २० मिनिटं सुटा करायचा. मग टब बंद करून, हळू ढवळत, टेफ्लॉन थेंबाथेंबाने सोडायचं. हा क्रम उलटा केला किंवा टेफ्लॉन घातल्यावर टब चालू ठेवला की त्याचे कण एकमेकांना चिकटून पांढरे तंतू तरंगायला लागतात आणि ते पुन्हा सुटे होत नाहीत. इथेनॉल टेफ्लॉनचं मिश्रण फोडतंच. इथे ते फुटायलाच हवं, पण कार्बनच्या अंगावर फुटायला हवं, बीकरच्या तळाशी नव्हे.

त्यानंतर ७०-८० अंशांच्या पाण्यावर बीकर ठेवून ढवळत राहिलं की लगदा हळूहळू आळतो आणि एका क्षणी भांड्याच्या कडा सोडून गोळा होतो. तो बोटाने दाबून पाहावा: दाब राहिला पाहिजे, पाणी सुटता कामा नये, बोटाला काळं कमी लागलं पाहिजे. पोळीची कणीक ज्याने मळली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांत घालून स्टीलच्या लाटण्याने लाटायचा. लाटण्याखाली दोन्ही बाजूंना ठरलेल्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की जाडी सारखी येते. घडी घालून, आडवा-उभा फिरवून, पाच-सहा वेळा लाटला की टेफ्लॉनचे धागे ओढले जातात आणि चकती कापडासारखी उचलता येते. त्यापुढे लाटत बसलं की ती चिवट होते, कडा फाटतात, आणि आतली भोकं मिटल्यामुळे हवा जात नाही. पावसाळ्यात गोळा वाळायला बराच जास्त वेळ घेतो. घाईने ओलाच लाटला तर भट्टीत फोड येतात.

भट्टी हा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. टेफ्लॉनचं मिश्रण स्थिर राहावं म्हणून त्यात साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं. ते इलेक्ट्रोडमध्ये उरलं तर टेफ्लॉन असूनही पाणी आत ओढलं जातं. म्हणून २८० अंशांवर अर्धा तास थांबून ते जाळायचं, मगच ३५० अंशांवर अर्धा तास. टेफ्लॉन वितळतं ३२७च्या पुढे. तिथपर्यंत नेलं नाही तर धागे कार्बनला नुसते टेकलेले राहतात. ३८०च्या वर मात्र जाऊ नये, त्या पुढे टेफ्लॉनमधून विषारी वाफा सुटू लागतात, आणि भट्टी धुराड्याखालीच हवी. भट्टीच्या पडद्यावरचा आकडा आणि आतल्या ताटलीवरचं तापमान यांत मोठा फरक असू शकतो, तेव्हा थर्मोकपल ताटलीला टेकवून एकदा तपासलेलं बरं.

पहिल्या आवृत्तीत एक मोठी चूक होती: कार्बनच्या कापडाऐवजी स्वस्त म्हणून स्टीलची जाळी. करंट छान वाहायचा, पहिला तास बरा जायचा, मग पेरॉक्साइड वाढायचं थांबायचं. वीज बंद करून तेच द्रावण नळ्यांतून तासभर नुसतं फिरवलं आणि पुन्हा मोजलं, तर आकडा खाली आलेला. म्हणजे इलेक्ट्रोड बनवत होता आणि लोह मोडत होतं. लोहाची अगदी सूक्ष्म मात्राही पेरॉक्साइडला पुरते. जाळी गेली, पाठोपाठ नळ्यांचे स्टीलचे जोडही गेले, आणि नवीन काच-प्लॅस्टिक वापरण्याआधी पातळ नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवायची शिस्त लागली. विजेशिवाय द्रावण फिरवून मोजण्याची ही चाचणी नव्या जोडणीवर सगळ्यात आधी करावी. इलेक्ट्रोड बदलत बसण्याचे आठवडे वाचतात.

मोजणी पोटॅशियम परमँगनेटने. ०.१ नॉर्मल द्रावणाचा एक मिली म्हणजे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड. अर्धा अँपिअर एक तास वाहिला तर जास्तीत जास्त ०.३१७ ग्रॅम पेरॉक्साइड तयार होऊ शकतं. १०० मिलीतून ५ मिली नमुना काढला तर त्यात १५.९ मिलिग्रॅम, म्हणजे ब्युरेटवर ९.३ मिली. तिथपर्यंत पोचलात तर फॅराडे कार्यक्षमता, म्हणजे वाहिलेल्या विजेतला पेरॉक्साइडच्या कामी आलेला हिस्सा, शंभर टक्के. ८ मिलीवर गुलाबी रंग टिकला तर ८६. नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल सढळ घालायचं, नाहीतर तपकिरी गढूळपणा येतो. पहिल्या थेंबांचा रंग रेंगाळतो, मग एकदम झटपट जायला लागतो. पहिल्या थेंबालाच शेवट समजून थांबू नये. पेरॉक्साइड टिकावं म्हणून ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं द्रव्य) घातलं असेल तर परमँगनेट त्यालाही खातं आणि कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर दिसू लागते. अशा वेळी टायटॅनियम ऑक्सिसल्फेट घालून पेरॉक्साइडमुळे येणारा पिवळा रंग मोजावा.

आणि द्रावणाचं आकारमान दर वेळी मोजायचं. नाफिऑनमधून येणारा प्रत्येक प्रोटॉन आपल्यासोबत पाण्याचे दोन-तीन रेणू ओढून आणतो. तासाभरात मिलीहून कमी, पण अर्ध्या अँपिअरवर दहा तासांत आठेक मिली. शंभर मिलीच्या हिशोबात आठ टक्क्यांची चूक म्हणजे चांगला आणि वाईट इलेक्ट्रोड यांतला फरक पुसून टाकण्याइतकी.

स्टील काढल्यावर दुसरा प्रश्न उघडा पडला. लाटलेला व्हल्कनचा थर पाव मिलिमीटर जाड होता. हाताने त्याहून पातळ लाटता येत नाही. या थरात खोलवर बनलेल्या पेरॉक्साइडला बाहेर यायला वळणावळणाची लांब वाट, आणि वाटेत सगळीकडे तोच कार्बन त्याच विभवाला (विद्युत दाबाला) बसलेला. बाहेर पडण्याआधीच त्यातलं काही पाण्यात रूपांतरित होतं. ओळखायची खूण अशी: कमी करंटला कार्यक्षमता चांगली, जसजसा करंट आणि द्रावणातलं प्रमाण वाढतं तसतशी घसरण, आणि ताजं द्रावण भरलं की पुन्हा जागेवर. इलेक्ट्रोड बिघडलेला नसतो, फक्त जाड असतो.

दुसऱ्या आवृत्तीत म्हणून आधाराचा थर लाटलेला ठेवला, कार्बनच्या कापडावर दाबून भट्टीतून काढला, आणि उत्प्रेरकाचा थर एअरब्रशने फवारला. शाई: १०० मिलिग्रॅम व्हल्कन, १० मिली पाणी, १० मिली आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि बांधणीसाठी ५ टक्के नाफिऑन द्रावणाचे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे कार्बनच्या पाचव्या हिश्श्याइतकं नाफिऑन. अर्धा तास अल्ट्रासॉनिक, टबमध्ये बर्फ. नाफिऑन ३५० अंश सोसत नाही, तेव्हा भट्टी आधी आणि फवारणी नंतर. इलेक्ट्रोड ७०-८० अंशांच्या गरम पाटीवर चिकटपट्टीने ताणून बसवायचा आणि हात सतत हलता ठेवत, प्रत्येक फेरी वाळल्यावरच पुढची द्यायची. बरीचशी शाई हवेत आणि कडांवर जाते, म्हणून बाटलीतून किती गेली यावर न जाता इलेक्ट्रोड आधी आणि नंतर तोलायचा. दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम हवं असेल तर खिडकीएवढ्या तुकड्यावर फरक येतो फक्त ५ मिलिग्रॅम, ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू त्यासाठी लागतोच.

फवारणीत एक सापळा आहे आणि त्यात पाय अडकतोच. पाणी जास्त असलेली शाई टेफ्लॉनवर मोत्यांसारखी गोळा होते, म्हणून हात आपोआप अल्कोहोल वाढवतो. अल्कोहोल टेफ्लॉनला भिजवतं. फवारा जवळून, ओला बसला तर अल्कोहोलबरोबर नाफिऑन आधाराच्या थरात उतरतं आणि तिथेच वाळतं. नाफिऑनला पाणी प्रिय. म्हणजे जो थर कोरडा राहावा म्हणून इतकं लाटलं-भाजलं, त्याच्यातच आपण पाण्यासाठी नळ टाकून ठेवतो. असा इलेक्ट्रोड घटात लावला की पंधरा-वीस मिनिटांत पाठीला घाम फुटतो. ग्राफाइटच्या खाचांतून टॉर्च मारला तर बारीक थेंब चमकताना दिसतात, कापडाच्या धाग्याधाग्यावर एकेक. पंधरा सेंटिमीटर अंतरावरून, प्रत्येक फेरीत पृष्ठभाग फक्त मंद ओला दिसून पाच-दहा सेकंदांत मॅट होईल इतकीच शाई, हे माप आमच्या हाताला बसलं.

घाम दोन कारणांनी फुटतो, आणि वेगळी कारणं वेगळ्या उपायांनी जातात. पाणी भोकात शिरायला लागणारा दाब भोकाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. १० मायक्रॉन त्रिज्येचं टेफ्लॉनी भोक, स्पर्शकोन (थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन, मोठा तितकं पाणी दूर) ११५ अंशांच्या आसपास धरला तर, सुमारे ६० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाला दाद देत नाही. ५० मायक्रॉनची भेग १२ सेंटिमीटरलाच हार मानते. म्हणून घटात लावण्याआधी प्रत्येक चकती एका उभ्या नळीच्या तळाशी कसायची, ३० सेंटिमीटर पाणी भरायचं, खाली टिश्यू ठेवून रात्रभर सोडायची. एकाच ठिकाणी डाग पडला तर भेग. अख्खा टिश्यू दमट झाला तर साबण जळलेला नाही किंवा नाफिऑन उतरलंय. पहिली चकती कचऱ्यात जाते. दुसरी, फवारणीच्या आधीची असेल, तर पुन्हा भट्टीत जाऊन सुधारते.

कोरड्या चाचणीत पास झालेला इलेक्ट्रोडही विजेखाली हळूहळू भिजतो. विभव लावला की कार्बनचा स्पर्शकोन कमी होतो, आणि पेरॉक्साइड कार्बनच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट वाढवत जातं. अशा वेळी निदान क्रमाने करावं. ताजं द्रावण भरून कार्यक्षमता परत आली तर इलेक्ट्रोडला हात लावू नका. नाही आली तर काढून, शुद्ध पाण्यात भिजवून मीठ काढून, १०० अंशांवर दोन तास वाळवा. आता परत आली तर तो भिजला होता. तरीही नाही आली तर पातळ आम्लात बुडवून धातू धुऊन काढा. यानेही काही झालं नाही तर पुढचा थर फवारून नवीन करावा. आधार बहुधा चांगलाच असतो. एक गोष्ट विसरू नये: भिजलेल्या कॅथोडला ऑक्सिजन पोचत नाही तेव्हा तो मुकाट्याने हायड्रोजन सोडू लागतो. करंट तोच दिसतो, व्होल्टेज थोडं वाढतं, एवढंच. हवेचा निकास खिडकीबाहेर काढलेला असावा.

हवेचा हिशोब सोपा आहे पण चुकतो. अर्ध्या अँपिअरला मिनिटाला ३.८ मिली ऑक्सिजन खपतो, म्हणजे किमान १८ मिली हवा. तेवढीच दिली तर खाचांच्या शेवटाला नुसता नायट्रोजन उरतो. चौपट, म्हणजे ७०-८० मिली, पुरेशी. द्रावण अल्कधर्मी असेल तर हवा आधी सोडा-लाइममधून न्यावी, नाहीतर कार्बन डायऑक्साइडमुळे इलेक्ट्रोडच्या पाठीवर कार्बोनेटची पांढरी खपली धरते आणि ती खपली पाणी ओढते. हवेच्या निकासाची नळी १०-१५ सेंटिमीटर पाण्यात बुडवून ठेवली की मागचा दाब पुढच्या पाण्याला तोल देतो. जास्त बुडवली तर हवा पुढून बुडबुड्यांनी निसटते. ते दिसलं की दोन सेंटिमीटर वर घ्यायची. कडेचा पाझर वेगळा: कार्बनचं कापड गॅस्केटखालून बाहेर डोकावत असेल तर दिव्याच्या वातीसारखं पाणी वाहून नेतं. कापड गॅस्केटच्या आत दोन मिलिमीटर कापावं.

तिसऱ्या आवृत्तीत कार्बन बदलला. स्टॅनफर्डच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं होतं की नायट्रिक आम्लात ऑक्सिडाइज केलेल्या कार्बन नॅनोट्यूब पेरॉक्साइडसाठी कितीतरी जास्त सक्रिय होतात. व्हल्कनवर तीच युक्ती: तीव्र नायट्रिक आम्ल, ८० अंश, रात्रभर, थंड पाण्याच्या कंडेन्सरखाली, मग धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत गाळणं. विभव खरोखर सुधारतो. पण ज्या ऑक्सिजनच्या गटांनी सक्रियता येते तेच गट पाणी बोलावतात. अख्खा थर अशा कार्बनचा केला तर पहिल्या दिवशी उत्तम आणि तिसऱ्या दिवशी चिंब. मधला मार्ग निघाला तो असा: आधाराला लागून साध्या व्हल्कनचा अर्धा मिलिग्रॅम, बांधणी म्हणून नाफिऑनऐवजी टेफ्लॉन, अल्कोहोलशिवाय पातळ फवारा आणि पुन्हा भट्टी, त्याच्या वर ऑक्सिडाइज्ड कार्बनचा अर्धा मिलिग्रॅम नाफिऑनसह. पाणी वरच्या थरात मुरतं आणि खालच्या थरापाशी अडतं.

या सगळ्यात विजेचं बिल बहुतांशी इलेक्ट्रोडवर ठरत नाही, हे जरा उशिरा कागदावर मांडलं. ३ व्होल्ट आणि ९० टक्के कार्यक्षमतेला किलोमागे ५.३ युनिट. अर्धा मोलर सोडियम सल्फेटमध्ये १०० मिलिअँपिअरला कॅथोड आणि पडदा यांतल्या प्रत्येक सेंटिमीटर अंतरासाठी दीड-पावणेदोन व्होल्ट नुसते तापवण्यात जातात. अंतर ३ मिलिमीटरवर आणलं की ते अर्ध्या व्होल्टवर येतं. नायट्रिक आम्लात रात्रभर तापवून व्होल्टचा एखादा दशांश मिळवण्यापेक्षा पातळ गॅस्केट कापणं सोपं होतं. फक्त अंतर कमी केल्यावर द्रावण वेगाने फिरवावं लागतं, नाहीतर तिथेच पेरॉक्साइड साचून पुन्हा कॅथोडवर मोडतं.

आता १० बाय १० सेंटिमीटरची खिडकी बसवली आहे. तिच्यात वर आणि खाली १० सेंटिमीटर पाण्याचा फरक पडतो, मागची हवा मात्र सगळीकडे एकाच दाबाची. निकासाची नळी वर घेतली की खालची कड घामाघूम, खाली घेतली की वरच्या कडेने बुडबुडे. क्लोर-अल्कलीवाले (मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढणारे) यासाठी मागची जागा आडव्या कप्प्यांत वाटून प्रत्येक कप्प्याला वेगळा दाब देतात. त्याच धर्तीवर ग्राफाइटच्या पाटीत दोन आडव्या भिंती ठेवून तीन कप्पे पाडले आहेत, आणि तीन निकास-नळ्या तीन वेगवेगळ्या खोलीच्या पाण्यात बुडवल्या आहेत: सगळ्यात खालच्या कप्प्याची नळी सगळ्यात खोल.